एक सोन म्हणजे किती?

शीतगृहाच्या दारात उभं राहून बे ओक्बुनने तो कागद तिसऱ्यांदा वाचला. गोदामाचं नवं सॉफ्टवेअर सेऊलच्या कंपनीचं घ्यायचं ठरलं आहे, ते हिशेबाच्या प्रणालीशी आपोआप जुळेल, आणि गोदामप्रमुखाने ते स्वतः तपासून पसंत केलं आहे. खाली तिचं नाव आणि त्यापुढे शिक्क्यासाठी छोटासा गोल.

"स्थळ दाखवलं नाही आणि म्हणे पसंत!" ती म्हणाली आणि कागदाची घडी करून एप्रनच्या खिशात कोंबली.

आनदोंगच्या या खाऱ्या बांगड्यांच्या कारखान्यात तिची एकतीस वर्षं गेली होती. त्यातली शेवटची अकरा बानजांग म्हणून, म्हणजे गोदामाची मुकादम म्हणून. तिच्या हाताखाली एक लांब टेबल होतं आणि त्या टेबलाशी सहा बायका. पोट चिरून मीठ लावलेला एक मोठा बांगडा घ्यायचा, त्याच्या पोटात एक धाकटा सरकवायचा आणि दोघांची घट्ट जोडी करायची, हे त्यांचं काम. त्या जोडीला सोन म्हणतात. सोन म्हणजे हात, एका हातात मावेल तेवढी मासळी. आनदोंगमध्ये कुणी दोन बांगडे मागत नाही. एक सोन द्या म्हणतात, आणि देणाराही मोठा कुठला, धाकटा कुठला, हे विचारत नाही.

सेऊलच्या सॉफ्टवेअरमध्ये माल मोजायची चार मापं होती. नग, पेटी, किलो आणि पॅलेट. पाचवं बसवायची सोय नव्हती.

सोमवारी मालकाने तिला वर बोलावलं होतं. रियू थेग्योम अडतीस वर्षांचा होता, वडिलांमागे कारखाना चालवत होता, आणि माणूस वाईट नव्हता. खरी अडचण होती त्याची. तीन वर्षांपूर्वी घेतलेली हिशेबाची प्रणाली नगावर चालायची आणि गोदाम सोनावर. दर महिन्याला दोन आकडे एकमेकांकडे पाठ करून बसायचे आणि लेखापरीक्षक येऊन त्याचे कान उपटायचे.

"बानजांगनिम, सगळं जग नगावर चालतं," तो म्हणाला. "आता मशीन एकेक बांगडा पाकिटात घालेल. जोडीचं टेबल लागणारच नाही."

"आणि टेबलावरच्या सहा जणी?"

"पाठवणीच्या विभागात बघू काहीतरी."

त्या 'बघू'चा अर्थ कारखान्यातल्या मांजरालाही ठाऊक होता.

"साजांगनिम," ती मालकाला म्हणाली, "छुसकचा सण तीन आठवड्यांवर आलाय. सणाच्या तोंडावर कुणी चूल मोडून नवी मांडतं का?"

"म्हणूनच घाई आहे. शुक्रवारी चाचणी. पाच वाजेपर्यंत तुमचा शिक्का हवा. नाहीतर…"

"नाहीतर काय?"

मालकाने खिडकीबाहेर पाहिलं. "नाहीतर मला दुसरा बानजांग बघावा लागेल."

ती खाली आली. राग इतका आला होता की दिवसभर तिने मीठ जरा जास्तच जोरात चोळलं. टेबलावरच्या बायकांना मात्र तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं. लपवाछपवी तिला कधी जमली नाही आणि जमवायचीही नव्हती.

शुक्रवारी दुपारी सेऊलहून सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस, प्यो सांगजिन, आला. इस्त्रीचा कोट, चकचकीत बूट, हातात लॅपटॉप. चाचणीसाठी खरी मागणी निवडली होती. गावातल्या एका थोरल्या घराण्याची, सणाला पितरांच्या पानावर ठेवायला चाळीस सोन.

प्योने ऐंशी नग असं टाइप केलं. पडद्यावर गोदामाचा नकाशा उजळला, कुठल्या कप्प्यातून काय काढायचं ते दोघा कामगारांच्या हातातल्या यंत्रांवर उमटलं, आणि अकरा मिनिटांत ऐंशी बांगडे टेबलावर हजर झाले. सॉफ्टवेअरने दाराजवळचा कप्पा निवडला होता. सगळे बांगडे एका वजनाचे आणि एका लांबीचे. त्याच क्षणी हिशेबाच्या पडद्यावरही ऐंशीचा आकडा आपोआप उमटला. मालकाचा चेहरा असा खुलला की महिन्याभराचा शीण उतरल्यासारखा वाटला.

"अकरा मिनिटं," प्यो म्हणाला. "तुमच्या जुन्या पद्धतीने?"

"पाऊण तास," ओक्बुन म्हणाली. "पण आमच्या पाऊण तासात चाळीस सोन होतात. तुमच्याकडे एकही झालेला नाही."

"आजुम्मा, चाळीस गुणिले दोन ऐंशीच होतात."

टेबलावरचे बारा हात थांबले. मालक खाली बघायला लागला. बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवर घासाघीस करताना भाजीवालीला आजुम्मा, म्हणजे मावशी, म्हटलं तर चालतं. गोदामात, तिच्याच टेबलासमोर, बानजांगला म्हणून चालत नाही.

"प्यो-सी," ओक्बुन शांतपणे म्हणाली, "आजुम्मा तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात. इथे बानजांग. आणि गुणाकार मलाही येतो. आता एक काम करा. यातला एक सोन उचला, एका हाताने, आणि त्या दारापर्यंत नेऊन दाखवा."

"काय?"

"सोन म्हणजे हात. चाळीस हात मासळी मागितलीय त्या घराने. तुम्ही एकच हात दाखवा. दोन बोटं जास्त लागली तरी मी चालवून घेईन."

प्यो हसला. हसण्यावारी नेता येईल असं त्याला वाटलं असावं. पण सहा जणी टक लावून बघत होत्या, तेव्हा त्याने बाही वर सारली आणि दोन बांगडे एका मुठीत धरले. दोन्ही सारखेच जाडे आणि सारखेच बुळबुळीत. कुणीच कुणाच्या पोटात जाईना. तिसऱ्या पावलाला एक निसटला आणि थेट उघड्या लॅपटॉपवर पडला. पडद्यावर शंभरएक नग आपोआप वाढले.

टेबलावर जो हशा पिकला तो वरच्या कचेरीपर्यंत ऐकू गेला.

"थांबा," मालक म्हणाला. त्याने कोट काढला. प्योची बाजू सावरायला म्हणा की स्वतःची, पण त्यानेही दोन बांगडे उचलले आणि दातओठ खात निघाला. निम्म्या वाटेवर एक सटकला तो त्याच्या बुटावर.

मग ओक्बुन उठली. आतल्या कप्प्यातून तिने दोन मोठे आणि दोन धाकटे आणले. मोठ्याचं पोट अंगठ्याने उघडलं, धाकटा आत सरकवला, वरून एक दाब दिला. दुसरी जोडीही तशीच केली. मग एका हातात एक आणि दुसऱ्या हातात एक घेऊन ती दारापर्यंत चालत गेली, वळली आणि तशीच परत आली.

"हा एक," ती म्हणाली, "आणि हा एक. यांना वेगळं केलं की धाकटा वाळतो, मोठा तुटतो, आणि पितरांच्या पानावर दोन परके मासे शेजारी ठेवल्यासारखे दिसतात. तुमच्या त्या लॅपटॉपच्या पेटीला हे कळत नसेल तर ती पेटी अडाणी आहे. मी नाही."

प्यो रुमालाने लॅपटॉपची बटणं पुसत होता. "तीनशे गोदामांनी आपली पद्धत बदलली आमच्यासाठी. एका शब्दापायी सॉफ्टवेअर बदलत नसतं."

"मग लिहून घ्या, तीनशे एकावं बदलणार नाही."

"पण हिशेबाचं काय?" मालक हताश होऊन म्हणाला. "हिशेबाला नगच लागतात ना!"

"नाही लागत," मागून आवाज आला. हिशेबनीस नाम ह्येवॉन कागदी पेल्यात कॉफी घेऊन दारात उभी होती. हशा ऐकून खाली आली होती. "आपल्या प्रणालीत मापाचा रकाना मोकळा आहे. घेतली तेव्हाच विचारलं होतं त्यांनी, काय भरू? तुम्ही म्हणालात, नग भर, सगळे तेच भरतात. मग मी सोनाचे दोन करते, गोदाम दोनाचे सोन करतं, आणि तुटलेल्या जोड्या मधल्यामध्ये हरवतात. म्हणून मी दर ओळीच्या शेऱ्यात सोन लिहून ठेवते. तीन वर्षं झाली. कुणी शेरा वाचतच नाही."

"हे आज सांगतेस?"

"दरमहा सांगते. तुम्ही लेखापरीक्षकाचं ऐकत असता." तिने कॉफीचा घोट घेतला. "तुमच्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या यादीतलं तिसरं नाव, देगूची ती लहान कंपनी. काल मी फोन केला होता. त्यांच्यात माप आपण ठरवायचं. एक मोठा, एक धाकटा, असं सांगून ठेवलं की दोन वेगळ्या कप्प्यांतून काढायला लावतात आणि हिशेबाला एकच ओळ पाठवतात."

"त्यांचं मी बघितलंच नाही."

"माहितीपत्रक रंगीत नव्हतं ना."

मालकाचे कान लाल झाले. नोकरांसमोर, पाहुण्यासमोर, बुटावर मीठ. अशा वेळी माणूस हट्टाला पेटतो, आणि तोही पेटला.

"बानजांगनिम, मी शुक्रवार पाच म्हणालो होतो. पावणेपाच झालेत. शिक्का देणार की नाही, तेवढं सांगा."

ओक्बुनने खिशातून कागद काढला, घडी उलगडली आणि टेबलावर पसरला. सहाही जणी तिच्याकडे बघत होत्या. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ओक्बुनलाही भीती वाटत होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिला दुसरीकडे कोण ठेवणार? पण भीतीपेक्षा राग मोठा होता आणि ती त्याच्या पोटात आरामात मावली.

तिने खाऱ्या पाण्याने निथळणारा पंजा कागदाच्या मधोमध दाबला आणि पाच आकडे मोजेपर्यंत तसाच ठेवला.

"हा घ्या माझा सोन," ती म्हणाली. "दुसरा शिक्का माझ्याकडे नाही. उद्यापासून दुसरा बानजांग बघा, पण त्यालाही एक हात दाखवायला लावा."

ती टेबलाशी परत गेली आणि पुढचा मोठा बांगडा हातात घेतला. चाळीस सोन अजून व्हायचे होते आणि घराणं सकाळी गाडी पाठवणार होतं.

मालकाने कागद उचलला. पाच बोटांचा ओला ठसा, मधोमध 'पसंत केलं आहे' ही अक्षरं, आणि त्यांची शाई फुटून पसरत चाललेली. मग त्याने कागदाची घडी केली आणि प्योच्या हातात दिली.

"सहाच्या गाडीला वेळ आहे तुम्हाला. जाताना एक सोन घेऊन जा. आमच्याकडून भेट."

प्यो गेल्यावर ह्येवॉनने देगूला फोन लावला आणि तो मालकाच्या कानाशी दिला. पलीकडच्या मुलीने नाव विचारलं, माप विचारलं. सोन, म्हणजे हात, त्याने सांगितलं. तिने लिहून घेतलं.

"आणि साजांगनिम, एका सोनात किती धरायचे? दोन?"

मालकाने तोंड उघडलं. त्याची नजर बुटाकडे गेली. तिथे मीठ वाळून पांढरं झालं होतं. मग तो टेबलाकडे वळला. ओक्बुनने मान वर केली नव्हती, पण तिचे हात थांबले होते.

"एक," तो म्हणाला. "मोठ्याच्या पोटात धाकटा असतो. पण धरायचा एक."

ओक्बुनचे हात पुन्हा चालू लागले.