सगळा युरिया एकाच सकाळी

मित्रांनो, आधी गाऱ्हाणं सांगते, ओळख मागाहून. शिहाताने मला चराच्या काठावर टाकलं ते टाकलंच. माझ्या पोटात युरियाचा चिखल तसाच. जवळच हातपंप होता. दोन तांबे पाणी ओतून मला पालथी घालायला कितीसा वेळ लागतो? पण या माणसाला कशासाठीच थांबायचं नसतं.

मी खजुरीच्या पातीची एक जुनी पाटी आहे. ऐऱ्यागैऱ्या हातांनी विणलेली नव्हे. बहिय्याच्या आईने पाती भिजवून त्यांची लांब वेणी घातली, ती गोल गोल शिवत मला घडवलं आणि लेकीच्या लग्नात सामानाबरोबर दिलं. आमचं गाव कालव्याच्या अगदी शेवटी. नाईलच्या पाण्याला इथवर येता येता धाप लागते. पलीकडे खारं तळं, त्याच्या पलीकडे समुद्र. चार दिवस ऊन पडलं की जमिनीवर मिठाची पांढरी साय धरते. त्याच जमिनीत बहिय्याने गहू पिकवला आणि घराला वर्षाची रोटी दिली. बी, शेणखत, माती, नंतर युरिया, सगळं मी वाहिलं. शेजारणी म्हणायच्या, "बहिय्या, ही पाटी म्हणजे तुझा तिसरा हात गं!" मी ऐकून फुगायचे. का फुगू नये?

बहिय्याची रीत पक्की होती. गोड्या पाण्याची पाळी आली की ते आधी वाफ्यात उभं राहू द्यायचं. मीठ विरघळलं की पाणी निचऱ्याच्या चरात सोडायचं. मगच युरिया, आणि तोही तीन वेळा विभागून, दर वेळी पाणी देण्याच्या तोंडावर. "तोंडात मीठ भरलेल्या रोपापुढे ताट वाढून काय उपयोग?" असं ती म्हणायची.

पुढे तिचे गुडघे गेले आणि मी तिच्या थोरल्या मुलाच्या, या शिहाताच्या, हाती पडले.

यंदा गहू ठिकठिकाणी खुरटला. पानांची टोकं भाजल्यासारखी झाली. कहवाखान्यात कुणीतरी विचारलं, "शिहाता, रानात गहू आहे की म्हाताऱ्याची दाढी?" झालं! गडी धुमसत घरी आला आणि युरियाची पोती ओढू लागला.

"गहू भुकेला आहे, आई."

बहिय्या अंगणात वाल सोलत होती. "भुकेला नाही रे, खारावलाय. भुकेलं रोप आधी खालच्या पानाला पिवळं पडतं. याची टोकं जळलीत. कालव्याचं पाणी येऊ दे."

"तोवर गाव हसेल मला."

"मग हसू दे. गावाचे दात काय तू मोजून ठेवलेस?"

त्याची बायको साब्रीन फिस्सकन हसली आणि शिहाता आणखीच पेटला.

त्याने मला भरलं, रिकामं केलं, पुन्हा भरलं. तीन वेळचं खत एकाच सकाळी संपवलं. कालवा कोरडा होता, म्हणून इंजिन लावून चरातलंच पाणी ओढलं. मित्रांनो, त्या चरात साऱ्या रानांनी धुऊन टाकलेलं मीठ असतं! मी ओरडले. पण पाटीचं कोण ऐकतं?

पानं अर्ध्यापर्यंत करपली. मग कालव्याला पाणी आलं. गहू जगवायचा तर मीठ धुवायलाच हवं होतं. साब्रीनने गोडं पाणी उभं केलं आणि चरात सोडलं. मिठाबरोबर उरलासुरला युरियाही वाहून गेला. गहू जगला, नव्या पानांवर आला, आणि आता खालून पिवळा पडू लागला. आता खरी भूक लागली होती, तर पोती रिकामी! सोसायटीत या हंगामाचं खत पुन्हा मिळत नाही.

मुलांनो, माझं एवढं ऐका. हातात भरली पाटी आहे म्हणून ती लगेच रिकामी करायची नसते. आधी रोपाला काय दुखतंय ते बघा. आणि काम झालं की आम्हाला धुऊन पालथं घाला. युरिया आमची वीण खातो.

आज बहिय्या काठी टेकत बांधावर आली. गहू गुडघ्याएवढा, फिकट, ओंब्या बोटाच्या पेराएवढ्या. घरची रोटी यात भागणार नाही, हे सांगायला कुणी नको होतं. चरातला बोरू, पाण्याकाठचं ते उंच गवत, मात्र माणसाच्या डोक्यावर गेलेला, गर्द हिरवा.

शिहाता खाली मान घालून उभा होता. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "आई, बोरू बघ कसा माजलाय."

"माजणारच," बहिय्या म्हणाली. "आपल्या घराचं वर्षाचं जेवण तू त्याला वाढलंस. आता मक्याची रोटी खायची आणि कुरकुर करायची नाही. पुढच्या साली खत साब्रीन टाकेल. तू फक्त पोती वाहायची."