गेरूची खूण

बब्रुवानचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि या गोष्टीचा त्याला थोडा अभिमानही होता. किराणावाल्याच्या काट्याखाली तो बोट घालून बघायचा. सोनारीच्या काळभैरवाला नारळ फोडला, तर पुजाऱ्यानं परत दिलेली वाटी आपल्याच नारळाची आहे ना, याचीसुद्धा त्याला शंका यायची. ईट गावातले लोक त्याला हसायचे. आयुष्यात एकदाच त्यानं चौकशी न करता मान डोलावली, ती थोरल्या लेकीच्या, समृद्धीच्या लग्नात. मुलगा साखर कारखान्यात कायम आहे असं सांगितलं होतं. कायम सोडाच, त्यानं कारखान्याचं गेटही पाहिलं नव्हतं. समृद्धी माघारी आली, आणि त्यानंतर बब्रुवानला हसायची कुणाची हिंमत झाली नाही.

आता धाकटीचं, मोनिकाचं जमत आलं होतं. मुलगा मल्हार, मूळचा सोनारीचा, भूममध्ये त्याचं गाड्यांचं गॅरेज. बोलणी झाली होती, फक्त सुपारी फुटायची राहिली होती. मोनिकाला मुलगा मनापासून आवडला होता. फोनवर बोलताना ती अंगणातल्या लिंबाखाली जाऊन उभी राहायची आणि हसत घरात यायची. तिची आई हरणाबाई ते बघून सुखावायची. बब्रुवान मात्र अस्वस्थ व्हायचा. पोरगी खूश आहे म्हणजे कुठंतरी फसवणूक आहे, असा त्याचा हिशेब होता.

मुलाची परीक्षा घ्यायची त्यानं ठरवलं. बब्रुवानकडे एक जुनी डिझेल गाडी होती. तिचं सर्व्हिसिंग करायला आलंच होतं. शेजारच्या व्यंकटला गाड्यांतलं आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं, आणि त्यानं कानात सांगितलं होतं की गॅरेजवाले गाडीतला कंपनीचा सेन्सर काढून घेतात आणि तिथं लोकल बसवतात. हवेच्या पाइपात असतो तो, इंजिनात हवा किती जाते ते मोजतो, लई महागाचा. एवढं ऐकल्यावर बब्रुवानच्या मनात पाल चुकचुकली नसती तरच नवल.

आता बब्रुवानचं घर मेंढरं राखणाऱ्यांचं, आणि तिथं चोरी ओळखायची एकच रीत. तेलात गेरू कालवायचा आणि आपल्या घराण्याची खूण जनावराच्या पाठीवर ओढायची. चार कळप एकत्र मिसळले तरी आपलं मेंढरू लांबून ओळखू येतं. बब्रुवाननं तेच केलं. व्यंकटनं दाखवलेले दोन स्क्रू काढले, सेन्सर बाहेर ओढला आणि खूण बाहेरून दिसू नये म्हणून त्याच्या आतल्या अंगाला बोटानं दोन पट्टे ओढले. चांगले ठसठशीत. मग सगळं जागच्या जागी बसवलं. स्वतःच्या हुशारीवर तो इतका खूश झाला, की भूमच्या वाटेवर गाडी गचके खात काळा धूर ओकायला लागली तरी त्याला काही वाटलं नाही. सर्व्हिसिंगला आलीय, असं करणारच, एवढंच तो म्हणाला.

मल्हारनं पाया पडून त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि बॉनेट उघडलं. बब्रुवान चहा पीत होता, पण डोळे गाडीवर होते. मल्हारनं मशीन लावून तपासलं, पाइप सोडवला, आत बघितलं आणि एकदम थांबला. खुर्चीकडे एकवार नजर टाकली आणि काही न बोलता मागच्या खोलीत गेला. थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाला, सेन्सरचं आयुष्य संपलं होतं मामा, दुसरा टाकलाय. पैसे विचारले तर हात जोडले. घरच्यांकडून कसले पैसे घ्यायचे, म्हणाला.

पैसे घेतले नाहीत, हे तर बब्रुवानला फारच खटकलं. फुकट देणाऱ्याचा हात दुसऱ्या खिशात असतो, अशी त्याची समजूत होती. गावाबाहेर येताच त्यानं गाडी बाजूला लावून सेन्सर काढून बघितला. गेरूचा पत्ता नव्हता. आपलं खरं ठरल्याचा केवढा आनंद झाला त्याला! पोरीचं वाटोळं होण्याआधी कळलं, म्हणून त्यानं काळभैरवाला तिथूनच हात जोडले.

चार दिवसांत उरलीसुरली शंकाही फिटली. गाडी चढाला दम टाकायची, उभी असताना थरथरायची आणि आपोआप बंद पडायची. नवा म्हणून घातलेला सेन्सर लोकल होता, हे सांगायला व्यंकट तयारच होता. बब्रुवाननं मध्यस्थ दगडोबाला आठवडी बाजारात गाठलं आणि चारचौघांत सांगितलं, की सोयरीक मोडली, पोरगं गिऱ्हाइकाच्या गाडीतले पार्ट चोरतंय, सासऱ्यालासुद्धा सोडलं न्हाय. बाजारात बोललेली गोष्ट घरी जायला कधी वेळ लावत नाही. ती भूमलाही पोचली.

मोनिका दोन दिवस जेवली नाही. रागावली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, की धाराशिवला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाडी दाखवा, आणि ते सांगतील ते मला सांगा.

धाराशिवला विरुपाक्ष नावाचा उमरग्याकडचा मेकॅनिक होता. त्यानं गाडीला मशीन जोडलं आणि सेन्सर लोकल आहे हे लगेच सांगितलं. हवा जाते एक, तो आकडा सांगतो दुसराच, म्हणून इंजिनाचा डिझेलचा अंदाज चुकतो आणि ते बंद पडतं. बब्रुवान विजयी मुद्रेनं मान हलवत होता. तेवढ्यात विरुपाक्षनं पाइपाच्या आत बोट फिरवून त्याच्यापुढं धरलं. बोट लाल झालं होतं, गेरू ओघळून पाइपालाही लागला होता. त्यानं विचारलं, की हा रंग आत कुणी लावला? सेन्सरमध्ये केसाएवढी बारीक तार असते. तिच्यावर हे तेलकट बसलं, की कंपनीचा सेन्सरही वाया जातो. आधीच्या मेकॅनिकनं तो काढून टाकला हे बरोबरच केलं, फक्त त्याच्या जागी असला लोकल घालायला नको होता.

बब्रुवानला माहीत नाही म्हणावं लागलं. विरुपाक्षनं कंपनीचा सेन्सर बसवला. गाडी सुरळीत चालू झाली, आणि आता कुठं बब्रुवानच्या ध्यानात आलं. मल्हारनं पाइप उघडताच गेरू ओळखला असणार. मेंढरांच्याच घरातलं पोरगं ते, खूण कशासाठी असते हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

घरी न जाता तो थेट भूमला गेला. गॅरेजसमोर एकही गाडी नव्हती. मल्हार रिकाम्या खुर्चीवर बसला होता. बब्रुवानला बघून उठला, पण या वेळी पाया पडला नाही.

"गेरू म्याच लावला होता," बब्रुवान उभ्या उभ्याच म्हणाला. "तुला तवाच कळलं व्हतं. मग बोलला का न्हाईस?"

"काय बोलू मामा? तुमी माझ्यावर पाळत ठेवली, हे तुमच्याच तोंडावर सांगू? तुमाला लाज वाटंल म्हणून गप बसलो. कंपनीचा सेन्सर सोलापूरहून मागवला व्हता, आला की गुपचूप बदलणार व्हतो. तवर गाडी चालावी म्हणून लोकल टाकला. तेवढं सांगायला पायजे व्हतं. ते माझं चुकलं."

बब्रुवाननं पागोटं काढून हातात घेतलं. जिथं बोललो तिथंच, भर बाजारात, चूक माझी म्हणून सांगतो, असं तो म्हणाला. दगडोबाला घेऊन येतो, सुपारी याच आठवड्यात फोडू, म्हणाला. एवढं मऊ तो बायकोशीही कधी बोलला नव्हता.

मल्हारनं ऐकून घेतलं. बाजारात सांगा, माझा धंदा बसलाय, म्हणाला.

"सुपारी मात्र नको. तुमचा राग न्हाय मला, तुमी सगळ्यांवरच संशय घेता. पण मोनिकाचा फोन आलता. पयलाच सवाल, तू पार्ट बदललास का? म्या म्हणलं, बदलला. का बदलला, हे तिनं इचारलंच न्हाय. फोन ठिवून दिला. जन्मभर कुणाला खुलासे देत बसायचं न्हाय मला, मामा."

बब्रुवान परत निघाला. गाडी उत्तम चालली होती, आणि त्याला वाटेत ती बंद पडावी असं फार वाटत होतं. लेकीला काय सांगायचं? तुझ्या एका प्रश्नानं मोडलं, असं सांगितलं तर ती जन्मभर स्वतःला बोल लावत बसेल. तो प्रश्न विचारायला तिला शिकवलं कुणी? लहानपणापासून तिनं घरात दुसरं ऐकलं काय होतं? रडू आलं त्याला, आणि गाडीत कुणी नव्हतं म्हणून त्यानं ते येऊ दिलं.

मोनिका दारातच उभी होती. तिच्यामागं हरणाबाई आणि समृद्धी. बब्रुवाननं सगळं सांगितलं. गेरू मीच लावला, सेन्सर माझ्यामुळं गेला, पोरगा सोन्यासारखा आहे, मी त्याची माफी मागून आलो. मोनिकाचा चेहरा उजळत गेला. मग त्यानं खाली बघून शेवटचं सांगितलं, की सोयरीक मात्र त्याला नको आहे.

"का नको?" मोनिकानं विचारलं.

"नको म्हणला. आता त्याचं त्याला ठाऊक."

ती बापाकडं बघत राहिली. ती नजर बब्रुवानला चांगली ओळखीची होती.

"आबा," ती हळूच म्हणाली, "तो नको म्हणला, का तुमीच मोडून आलाव?"

बब्रुवाननं तोंड उघडलं. खरं सांगितलं असतं तर ती मोडून पडली असती, आणि शपथ घेतली असती तरी या घरात त्या शपथेवर कुणाचा विश्वास बसला नसता. तो वाकून पायातल्या वहाणा काढायला लागला. मोनिकानं मान हलवली, आपल्याला हवं ते उत्तर मिळाल्यासारखी, आणि ती घरात निघून गेली.