ओल्या फरशीवर पाय नाही

फरशी बसवताना कोपऱ्यातून सुरुवात करायची आणि दाराकडे मागे सरकत यायचं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. माझ्या मेहुण्याला कळलं नाही. त्यानं दारापासून सुरुवात केली आणि स्वतःच कोपऱ्यात अडकला. मागे भिंत, पुढे सगळ्या ओल्या फरश्या. वर मलाच विचारतो, दाजी, आता काय करू? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओल्या फरशीवर पाय ठेवायचा नाही, काहीही होवो, हे पहिल्याच दिवशी त्याचा कान पिळून शिकवलं होतं. म्हणून फळी आडवी टाकायला मीच दारातून झुकलो, घसरलो आणि अंगाचा सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर आला. फाडकन आवाज झाला. वाटीच्या वर बोट जाईल एवढा खड्डा पडला.

मांडीचा स्नायू वाटीला धरून ठेवणारी कंडरा तुटली, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनला कमरेखाली बधिर केलं, पण मी जागाच होतो. वाटीला भोकं पाडायला त्यांनी ड्रिल सुरू केलं तेव्हा आवाज ओळखीचा वाटला. त्या भोकांतून जाड दोरा ओवून त्यांनी कंडरा हाडाला बांधून टाकली.

मग पाय सरळ ठेवणारा पट्टा, वॉकर आणि घर. मेहुण्याचा सुंठीवाचून खोकला गेला. माझी हत्यारं, माझी कामं, सगळं त्यानं उचललं. संध्याकाळी येऊन खुर्चीत पाय पसरून बसायचा, आणि बायको त्याला आधी चहा द्यायची. किती राबतो बिचारा, असं म्हणायची. मी काय, खुर्चीतून उंटावरून शेळ्या हाकणारा.

व्यायाम घेणारी बाई बरी होती, पण माझा गुडघा तिला गंजलेली बिजागरी वाटत असावा. ती वाकवायची, मी ओरडायचो. हळूहळू वाकायला लागला. शेवटी ठेकेदार घरी येऊन गेला. म्हणाला, गुडघे टेकून बसता आलं आणि एकट्याला उठता आलं तर नव्या इमारतीचं काम तुझं, नाहीतर मेहुणा आहेच. मला दुसरं काही येत नाही. फरशी गेली तर मी संपलोच.

म्हणून काठी टेकत मेहुण्याच्या कामावर गेलो, चुका काढायला. आतल्या खोलीतल्या फरश्या सुकल्या होत्या, दाराजवळच्या दोन-तीन ओळी तेवढ्या बसवायच्या राहिल्या होत्या. काठी दाराशी भिंतीला लावली, रबरी हातोडी घेतली आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा गुडघे टेकले. एकेक फरशी ठोकून पाहिली. एखादी तरी पोकळ वाजावी म्हणून देव पाण्यात ठेवले होते. एकही वाजली नाही. हरामखोर शिकला होता.

मी सरकत सरकत पार पलीकडच्या भिंतीशी पोचलो होतो. तेवढ्यात त्यानं दाराजवळच्या राहिलेल्या ओळी बसवल्या. माझी काठी त्याच्या बाजूला राहिली. मी उठायला गेलो. गुडघ्यानं नकार दिला. पुन्हा प्रयत्न केला, मांडी नुसती थरथरली.

"हात दे रे," मी म्हणालो. हे बोलताना जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

तो दारात थापी पुसत उभा होता. "ओल्या फरशीवर पाय ठेवायचा नाही, दाजी. काहीही होवो. तुम्हीच शिकवलंत."

आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसला, माझ्याकडे बघत.

त्याला मी मनातल्या मनात येतील तेवढ्या शिव्या घातल्या. आईवरून तेवढ्या वगळल्या, कारण ती माझी सासू. चांगला पाय पुढे घेतला, तळवा भिंतीवर दाबला. शिवलेल्या गुडघ्यात आग पेटली, तरी सोडलं नाही. भिंत खरवडत उभा राहिलो.

मेहुण्याचा चेहरा पडला. एवढं गुणकारी औषध डॉक्टरनं दिलं नव्हतं.

"सांग ठेकेदाराला," मी म्हणालो. "एकटा उठलो म्हणून."

ओळी सुकायला वेळ होता. तो बादलीवर बसून राहिला आणि मी आत भिंतीला टेकून उभा. पाय लटपटत होता, घाम गळत होता. मी कधी कोसळतो याचीच तो वाट बघत होता, हे मला दिसत होतं. पण पुन्हा खाली बसायची माझी छाती झाली नाही.