बाईमाणसाला फुलासारखं हलकं

१९९१ साल. माझी धाकटी बहीण आर्डिस नेब्रास्कातल्या शेतांवर एकटीच हिंडून घोड्यांना नाल ठोकायची. एका घोडीच्या लाथेने तिचं मनगट मोडलं आणि जबर झटक्याचं जुनं पिस्तूल तिला सोसेना. रोज कमरेला लावता येईल आणि क्लबच्या नेमबाजीतही चालेल, असं कमी झटक्याचं एकच हत्यार तिला हवं होतं.

वेंडेल क्राउसच्या बंदुकांच्या दुकानात तिला कोणी काही विचारलंच नाही. वेंडेल तिच्या नवऱ्याला म्हणाला, "रॉय, वहिनींना हे घे. फुलासारखं हलकं. बाईमाणसाला आणखी काय लागतं?"

"अरे, आधी तिचं मनगट तरी बघ," मी म्हणाले.

"थेल्माबाई, तुम्ही केक भाजा. बंदुकांचं मी बघतो."

रॉय हसला. ते हसणं आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

ते चिमुकलं रिव्हॉल्वर प्रत्येक बाराला हाताला हिसडा द्यायचं. तीन आठवड्यांत मनगट सुजलं, बार उडायच्या आधीच तिचे डोळे मिटायला लागले. शनिवारी जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी चौघांचा संघ निवडायचा होता. सहा वर्षं ती त्यात होती.

"नाव काढून घेते मी," शुक्रवारी ती म्हणाली. "बाईला नाहीच झेपत हे."

मला संताप आला. "तुझी ऐरण केवढी गं?"

"सव्वाशे पौंडांची. का?"

"हलकी का नाही घेतलीस? गाडीत चढवायला सोपी."

"वेडी की काय! हलकी ऐरण घणाखाली उड्या मारते, सगळा दणका हाताला..." ती थांबली. मग तिने जी शिवी हासडली, ती मी लिहिणार नाही.

माझ्या दिवंगत नवऱ्याचं लांब नळीचं, पोलादी, जड रिव्हॉल्वर मी तिच्या हातात ठेवलं, सोबत कमी दारूच्या गोळ्या. शनिवारी ती तिसरी आली.

"नशीब!" वेंडेल म्हणाला.

"नशीब नाही, वजन." आर्डिसने सगळ्यांसमोर त्याचं खेळणं टेबलावर आपटलं. "पुढच्या बाईचा आधी हात बघ. तिचा नवरा नको."

तेच जड रिव्हॉल्वर घेऊन ती आणखी चौदा वर्षं संघात खेळली. ते कमरेला असायचं, पण कोणावर रोखायची वेळ आली नाही. वेंडेल दुकान विकून ॲरिझोनाला गेला. रॉय मरेपर्यंत सांगत राहिला की ते जड रिव्हॉल्वर आपणच निवडलं होतं. आर्डिस गेल्या मार्चमध्ये वारली. आमच्या वर्तमानपत्राने छापलं: 'रॉय यांच्या पत्नी, उत्तम सुगरण.' नेमबाजीचा एक शब्द नाही. मी संपादकाला तीन पत्रं लिहिली आहेत.