पोटाखालचा पत्रा

वॉशर बोटांतून निसटला तो थेट गालावर पडला, सकाळी थप्पड बसली होती नेमका तिथंच, आणि ग्रीसनं तिथंच चिकटला. त्याचा गारवा इतका बरा वाटला, की तिनं तो उचललाच नाही. राहू दे... मायेनं कुणी हात ठेवल्यासारखा.

वर जॅकवर तोललेली जीप, मध्ये पुढच्या बोल्टांवर लोंबकळणारा पोलादी पत्रा, आणि सगळ्यांत खाली, चाकांच्या फळीवर उताणी, ती. दगडधोंड्यांत गाडीचं पोट फाटू नये म्हणून हा पत्रा. सगळे बोल्ट आधी हातानं सैलसर धरायचे, आवळायचं शेवटी. पहिलाच गच्च केला की मागची भोकं जन्मात जुळत नाहीत. वडिलांनी एवढं शिकवलं होतं. लग्नाबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. नवऱ्यानं सकाळी घाईघाईत पुढची ओळ आवळून टाकली, मागची जुळेना, आणि राग निघाला तिच्या गालावर. आता ती ओळ सैल करायला तीच खाली, कारण हात तिचे बारीक.

"आधी घोडी तरी लावा हो," ती म्हणाली होती. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोण शिरतं? गाडीला टेकू द्यायची लोखंडी घोडी कोपऱ्यातच तर होती.

"दोन मिनिटांचं काम. तू आहेस की घोडी!" आणि आपल्याच विनोदावर तो खदखदून हसला होता.

काल गिऱ्हाईक वाकून, गाडीच्या पोटाला हात लावून म्हणालं होतं, "इथं जपा हं. एक फटका बसला की संपलंच." जपा... तिच्याही पोटात एकदा— जिन्यावरून पडले, असं तिनं डॉक्टरीणबाईंना सांगितलं होतं, आणि घराला जिनाच नव्हता. बाईंनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी जिनासुद्धा बांधून दाखवला असता.

"झालं का गं? गिऱ्हाईक येईल आता!" त्यानं टायरला लाथ घातली. जीप शहारली. वाळल्या चिखलाचा पापुद्रा तिच्या डोळ्यांत पडला. "भोकं जुळेनात म्हणे! भोकं तुझ्या डोक्याला पडलीत!"

इथून त्याचं एवढंच दिसत होतं— चपला, बोटं, अंगठ्याचं वाढलेलं नख. कापा म्हणून किती वेळा सांगितलं. पत्रा ठोकून सरकवायचा हातोडा तिच्या मुठीत होताच, त्याच्या बोटांपासून वीतभर. एक घाव, की बिस्किटासारखी हाडं... मग तो कोलमडेल, जॅकवर पडेल, जॅक सुटेल, गाडी माझ्यावर. हेही तिला लख्ख दिसलं, आणि तरी हात उठला.

घाव पत्र्यावर बसला. तो तिकडे कुणी वळवला, तिला कळलं नाही. धाड्‌. पुन्हा धाड्‌. दात झिणझिणेपर्यंत ती ठोकत राहिली.

पाय मागे सरले.

त्याचे पाय मागे सरताना तिनं कधी पाहिले नव्हते. मग फरशीवरून घोडी ओढत आणल्याची खरखर. घोडी गुपचूप चेसिसखाली बसली.

ठोक्यांनी पत्रा सरकून मागची भोकं जुळली होती. ती एकेक बोल्ट आवळत गेली. शेवटच्याला वॉशर गालावरून सोलून घेतला, तो आता कोमट झाला होता. पाय दाराशी जाऊन उभे होते, हातोड्याच्या पल्ल्याबाहेर... आणि ते इतके लांब गेले याचं तिला, काही केल्या, वाईट वाटत होतं.