एक रिंग

नाडीची गाठ सुटेना. रोज एका ओढीत सुटणारी गाठ आजच अडून बसली होती आणि आत पिशवीत फोन थरथरत होता — निळ्या पँटच्या उरलेल्या कापडाची पिशवी, पंजाएवढी, कडेला दुहेरी टीप, कारण ती शिवणाऱ्या शेजारच्या शिवणवालीच्या हाताला एकेरी टीप ठाऊकच नव्हती. ड्रायव्हरनं शेवटी गाठ दातांत धरून ओढली. उभी हयात वळणावळणाच्या रस्त्यानं बस नेली आणि आता एक नाडी ऐकत नाही, असं स्वतःवरच करवादत त्यानं फोन बाहेर काढला, तोवर तो गप्प झाला होता. एक रिंग. एकच वाजली आणि तुटली.

पडद्यावर पोस्टमनच्या आईचं नाव होतं. त्यानं उलट फोन लावला, आणि पलीकडून उचलला जाईपर्यंत तो चपला घालून, किल्ली घेऊन दारापर्यंत पोचलाही होता.

"काय हो?" म्हातारीचा आवाज ठणठणीत होता.

"तुम्ही फोन केलात. आणि कापलात."

"चष्मा चाचपत होते. बोट लागलं असेल." मग जरा थांबून, "तुम्हाला धाप का लागलीय?"

"कुठं काय... बरं, आज काय शिजवताय?"

"घेवडा. कालही घेवडाच होता, उद्याही असेल. दारात वेल माजलाय नुसता. तुम्ही रोज विचारता म्हणून काही तो वांगी देणार नाही."

तो हसला, फोन ठेवला, आणि चपला पायात तशाच ठेवून पायरीवर बसून राहिला. समोर कुंपणापलीकडे शिवणवालीचं बंद दार. दाराच्या कडीवर गंज चढला होता. तो गंज पुसावा असं त्याला रोज वाटायचं आणि रोज तो पुसायचा नाही.

आज काय शिजवताय, हा 'शेजार'चा ठरलेला प्रश्न होता. गावात आणि आसपासच्या वाड्यांवर जी माणसं एकटी राहात किंवा दिवसभर घरात एकटी असत, त्यांना रोज सकाळी फोन करायचा. ज्याच्याकडे त्या आठवड्यात हा फोन असेल त्यानं. कुणाला दवाखान्यात न्यायचं असे, कुणाचा दिवा गेलेला असे, एका माजी मुख्याध्यापकांना तर फक्त पायाची नखं कापून हवी असत आणि ते सांगताना ते फार अवघडत. पण आधी बोलायचं. नुसतं 'बरं आहे' चालायचं नाही. 'बरं आहे' तर माणूस मरायला टेकला तरी म्हणतो. म्हणून एका शब्दात उत्तर देता येणार नाही असं काहीतरी विचारायचं. आणि रिंग तुटली, तर उलट फोन. उचलला नाही, तर चालत जायचं. हे नियम ड्रायव्हरनं घातले होते, आणि ते इतके कडक होते की आडून लोक त्याला 'इन्स्पेक्टर' म्हणत.

बाहेरगावची माणसं विचारायला येत — आमच्याकडेही असं काही सुरू करायचंय, तुम्हाला सुचलं कसं? मग औषधवाली सांगायची. गावातलं एकुलतं औषधाचं दुकान तिचं, हिशेबाला पक्की आणि बोलायला गोड. "काकांच्या शेजारी एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. एकट्याच. एक दिवस पडल्या, कुणाला कळलं नाही. त्यानंतर काकांना चैन पडेना. वाचनालयात सगळे जमलो होतो, काका कधी सभेत तोंड न उघडणारे, पण उठून उभे राहिले आणि म्हणाले, रोज फोन करू, उचलल्याशिवाय सोडायचं नाही. तिथून सुरुवात. हा फोनही त्याच बाईंचा. पुतण्यानं देऊन टाकला. नंबर सगळ्या गावाला पाठ, कारण कपडे सगळ्यांचेच त्यांच्याकडे." पाहुणे माना डोलवत. ड्रायव्हर खिडकीबाहेर बघे.

खोटं त्यात काहीच नव्हतं. हाच तर त्रास होता.

बाईला बोलण्याचा कंटाळा. म्हणजे बोलायची, पण तोंडात टाचण्या धरून, त्यामुळे निम्मं ऐकणाऱ्यानं लावून घ्यायचं. त्याची बायको गेल्यावर हिनंच एकदा कुंपणावरून सांगितलं होतं, "अहो ड्रायव्हर, रोज सकाळी मिसकॉल देत जाईन. एक रिंग म्हणजे उठले, ठीक आहे. उचलू नका हं, मला गप्पांना वेळ नाही, मशीनवर काम पडलंय. तुम्हीही एक द्या. म्हणजे दोघं जिवंत आहोत एवढं कळेल." तो म्हणाला होता, "आणि नसलो तर?" तर ती टाचणी काढून म्हणाली, "तर मग वाजणार नाही. एवढंही कळत नाही का?" आणि मशीनचा आवाज पुन्हा सुरू... गावानं थोडी चेष्टा केली, म्हातारपणी मिसकॉल म्हणून, पण चेष्टेत दम नव्हता. पुढे पुढे त्याला ती रिंग वाजेपर्यंत चहा गोड लागेना.

त्या दिवशीही वाजली.

एक. मग तुटली. तो दाढी करत होता, गालाला साबण होता, तो मनात म्हणाला, उठली बाई. हात पुसून त्यानं उलट रिंग दिली — एक, तीही मोजून — आणि शहरात डोळे तपासायला जायचं होतं म्हणून घाईनं बस पकडली. संध्याकाळी परतला तर बाईच्या दारात माणसं. कोट न्यायला आलेल्या गिऱ्हाइकानं खिडकीतून पाहिलं होतं. ती मशीन आणि खाटेच्या मध्ये आडवी होती, फोन खाटेखाली घरंगळलेला. डॉक्टर हात धुताना सहज म्हणाले, सकाळपासून अशाच असणार. तेव्हाच कुणी आलं असतं तर... आणि पुढचं त्यांनी टॉवेलात पुसून टाकलं.

ती रोजच्यासारखी रिंग देऊन मग पडली का? की पडली, आणि मग फोन लावला, आणि हातून सुटला? फोन त्याच्याकडे आला तेव्हा चार्ज करून त्यानं पाहिलं होतं. त्याचंच नाव, लागोपाठ दोनदा. एक गेलेला, एक आलेला. इतर कुठल्याही सकाळसारखं. रिंग जरा लांबली होती का त्या दिवशी? कधी त्याला वाटे, लांबली होती, अर्ध्यानं तरी. कधी वाटे, नाही, साबणाच्या कानानं काय ऐकतोयस तू. आणि त्याहून वाईट ते दुसरं... की ती फरशीवर आहे, हात पोचत नाही, आणि खाटेखाली फोन वाजतो. तिला वाटत असणार, कळलं याला. आणि एक रिंग होऊन तो थांबतो. मीही बरा आहे, बाई. मी तिला हेच कळवलं. मी बरा आहे.

नियम त्यानं केले ते यातून. आणि आणखी एक नियम होता, तो फक्त स्वतःपुरता: 'शेजार'च्या फोनवरून त्याला कुणी फोन करायचा नाही, काम असेल तर आपापल्या फोनवरून करा. का, ते कुणी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसांच्या तऱ्हा, एवढंच. त्याच्या स्वतःच्या फोनमध्ये तो नंबर अजून 'बाई शेजारच्या' या नावानंच होता. पुसायला त्याचं बोट धजत नव्हतं.

दुपारी वाचनालयात बैठक. लांब टेबल, त्यावर सतरंजीसारखी पसरलेली वर्तमानपत्रं गोळा करून एका बाजूला लावलेली, आणि मधोमध पिशवीतून काढून ठेवलेला फोन. आठवडा संपला की तो असा मध्ये ठेवायचा आणि पुढच्यानं उचलायचा. आठ-दहा मदतनीस, आणि कोपऱ्यात पोस्टमनची आई. तिला काम नव्हतं काही, पण बैठकीच्या दिवशी मुलगा टपाल वाटायला निघाला की तिला इथं सोडून जायचा आणि परतताना न्यायचा.

औषधवालीनं घसा साफ केला. "मी स्पष्टच बोलते. आधी चार घरं होती, आता सगळ्या वाड्या आल्या. ज्याच्याकडे फोन, त्याची अख्खी सकाळ जाते. गेल्या महिन्यात दोघांनी काम सोडलं, तिसरा सोडायच्या बेतात आहे. असंच चाललं तर वर्षभरात 'शेजार' बंद पडेल. म्हणून म्हणते, त्यांनीच आपल्याला सकाळी एक मिसकॉल द्यावा. ज्याचा आला तो बरा आहे. ज्याचा आला नाही, त्याच्याकडे जाऊ."

माना हलल्या. सोपं होतं, शहाणपणाचं होतं. नाही म्हणायला कुणाकडेच कारण नव्हतं, एकट्या ड्रायव्हरखेरीज. त्याला समोरच्या वर्तमानपत्राची घडी दिसत होती आणि बाईचं वाक्य, टाचणीसकट, ऐकू येत होतं... तर मग वाजणार नाही. एवढंही कळत नाही का. त्याला वाटलं, गप्प बसावं. मी काय कायमचा पुरणार आहे? ते ठरवतील. आणि कुणीतरी एखाद्या सकाळी, गालाला साबण लावून, मनात म्हणेल, उठली.

"काका, तुमचं काय म्हणणं?" औषधवालीनं विचारलं. "सुरुवात तुमची, तेव्हा तुमचं हो मिळालं की झालं."

त्यानं खिशातून आपला फोन काढला. 'बाई शेजारच्या'वर बोट ठेवलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. टेबलावरचा फोन वाजला, लाकडामुळे जरा जास्तच मोठ्यानं, आणि पडद्यावर बाईनं भरलेलं नाव उजळलं: ड्रायव्हर. एक रिंग. त्यानं कापला.

"सांगा," तो म्हणाला. "मी बरा आहे की पडलोय?"

एकजण हसला. "काका, समोर तर बसलायत तुम्ही."

"मी समोर नाही. मी घरी आहे. सांगा."

फोनचा उजेड विझला. कोपऱ्यातून पोस्टमनची आई त्याच्याकडे बघत होती, सकाळी धापेबद्दल विचारताना तिचा आवाज जसा थांबला होता तशीच, थांबून.

"त्या दिवशी," ती म्हणाली, "वाजला होता का तुमचा?"

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली आणि मध्येच थांबलं.

"वाजला होता."

"कितीदा?"

"एकदा."

"मग?"

"मग मीही दिला. एक. रोजच्यासारखा." आणि त्याला आश्चर्य वाटलं की आवाज फुटला नाही, बसच्या वेळा सांगाव्या तसा तो आला. "रोजचा होता की दुसरा होता, मला माहीत नाही. अजून नाही माहीत."

"काका, तुम्हाला कसं कळणार होतं?" औषधवाली हलकेच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती मनापासून बोलत होती. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर तेच होतं, कीव आणि क्षमा, आणि ते त्याला सोसवेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हातारीनं मात्र तसलं काही तोंडावर आणलं नाही. ती काठी टेकत उठली, टेबलापाशी आली, फोन पिशवीत घातला आणि नाडी आवळली.

"या आठवड्यात माझ्याकडे," ती म्हणाली.

"आजी, तुम्ही तर... तुम्हालाच फोन करतो ना आम्ही?" औषधवाली गोंधळली.

"पाय गेलेत माझे, तोंड नाही गेलं. विचारायला पाय कशाला लागतात? दिवसभर करते काय मी? घेवडा निवडते. आमच्यातल्या निम्म्यांना नुसतं घड्याळ बघणं आहे. विचारू आम्ही एकमेकांना. कुणाचा उचलला नाही तर तुम्ही धावा. तुमचे पाय आहेत ना?"

मिसकॉलचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

तो घरी आला तेव्हा ऊन उतरलं होतं. कुणीही सोबत आलं नव्हतं, आणि त्याला वाटलं होतं तसं काहीच झालं नव्हतं. हलकंही वाटत नव्हतं, जडही नाही. इतकी वर्षं जे एकट्याच्या कानात वाजत होतं ते आता गावात दहा-बारा कानांत वाजत असणार, चहा पिताना, भांडी घासताना... याचं वाईट वाटावं की बरं, हेही त्याला ठरवता येईना. पंचा घेऊन तो कुंपणापाशी गेला. बंद दाराच्या कडीकडे पाहिलं. परत आला. पंचा तसाच हातात होता.

खिशात फोन थरथरला.

त्यानं काढला, आणि पडद्यावर ते नाव. बाई शेजारच्या. ऊन खिडकीतून नेमकं काचेवर पडलं होतं, तरी वाचता येत होतं. एक रिंग झाली. आता तुटेल, आता... तुटली नाही. दुसरी वाजली. या नावाची दुसरी रिंग त्यानं जन्मात ऐकली नव्हती. तिसरी. लांब होती की आखूड, मोजायचं भानच राहिलं नाही. एकटा तोही होता. पण तो विचारणाऱ्यांतला होता, त्याला कोण विचारणार? उचलल्याशिवाय सोडायचं नाही, हा नियम त्याचाच.

त्यानं उचलला.

"आज काय शिजवताय?" म्हातारीनं विचारलं.

त्यानं चुलीकडे पाहिलं. सकाळपासून तिथं काही चढलं नव्हतं. बरं आहे, असं जिभेवर आलं आणि ते चालत नाही हे त्याला आठवलं. पलीकडून शेंगा मोडल्याचा बारीक आवाज तेवढा येत होता, एकेक, सावकाश. तिला घाई नव्हती. आणि तो बंद दाराकडे बघत, फोन कानाशी धरून, उत्तर शोधत उभा राहिला.