सूनबाईच्या हातमोज्यांचं माप

आमची सूनबाई कचेरीत टायपिंग करते. तिच्या टेबलाच्या बरोबर वर एसीचं तोंड. अकरा वाजेपर्यंत बोटं अशी गारठतात की ‘साहेब’ लिहायला जावं तर भलतंच काही उमटतं. येत्या शुक्रवारी तिची वेगाची परीक्षा होती. दहा मिनिटांत चारशे शब्द झाले तर नोकरी कायम, नाही तर घरी.

तिनं बाजारातून हातमोज्यांचे दोन जोड आणले. लोकरीचे इतके जाड, की एक बटण दाबलं की शेजारचंही दबायचं. दुसरे कातडी. ते घालून मोटरसायकल चालवावी, टायपिंग नव्हे.

आमचे हे शिंपी. चाळीस वर्षं कोट शिवले. म्हणाले, "दुकानवाल्यांना काय कळतं मापातलं? मी शिवतो."

मी म्हटलं, "तुमच्या बाह्या मनगटाशी संपतात. बोटांशी तुमचा काय संबंध?"

"तू गप्प बस."

सुनेचा हात टेबलावर सपाट ठेवून त्यांनी खडूनं आखून घेतला. वर दम, "हलू नकोस!" मऊ कापड, आतून अस्तर, बोटांची टोकं उघडी. गुरुवारी संध्याकाळी तिनं मोजे चढवले आणि मी मनातल्या मनात माघार घेतली. सुरेखच बसले होते.

मग ती घरच्या कीबोर्डवर टायपिंगला बसली. बोटं वाकवली तशी शिवण सांध्यांवर ताणली गेली. पाच मिनिटांत बोटांना मुंग्या.

"हात सरळ ठेव, म्हणजे नीट बसतील," हे म्हणाले.

"बाबा, सरळ हातानं भिंत थोपटता येते. टायपिंग नाही येत."

मला हसू आवरेना. "अहो, जन्मभर गिऱ्हाईकाला ताठ उभं करून माप घेतलंत. घरी जाऊन बसल्यावर बिचाऱ्याचं काय होत होतं, देव जाणे!"

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. थोडा वेळ मोजे उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "चल, टाईप कर. थांबू नकोस." ती टायपिंग करत होती आणि हे वाकून एकेका सांध्यावरून टेप फिरवत होते. जेवणं होईपर्यंत त्यांनी शिवण उसवून प्रत्येक सांध्यावर कापडाची बारीक पट्टी जोडली.

शुक्रवारी दुपारपासून हे दारात खुर्ची टाकून बसले. विचारलं तर म्हणे, वारा खातोय. वारा कुठला, पानही हलत नव्हतं.

सून आली. ह्यांनी आधी मोजेच हातात घेतले. "कुठे उसवलं का?"

"नाही, बाबा. चारशे बारा शब्द झाले. कायम झाले मी."

"छान झालं. कुठे बोचलं का, ते सांग."

ती घुटमळली. "अंगठ्याला जरा घट्ट होतात. खालचं लांब बटण प्रत्येक शब्दानंतर त्यानंच दाबावं लागतं ना."

"अहो, पोरीला आधी पाणी तरी पिऊ द्या," मी म्हटलं.

पण ऐकायला हे होते कुठे? मोजे घेऊन केव्हाच मशीनपाशी पोचले होते.